स्क्रीनवरची काटामारी: काटा आपल्याच हातात असेल तर?

मुळाकाठी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. लांबेल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करते, अकरा वर्षं झाली या कामात. कंपनीचं नाव लिहिणार नाही. तीन ठिकाणी काम केलंय आणि तिन्हीकडे थोड्याफार फरकानं हेच बघितलंय.

गेल्या महिन्यात कराडहून बाबांचा फोन आला. बाबा निवृत्त शिक्षक, वय ७१, अजून रोजचा हिशेब वहीत लिहितात, दुधापासून रिक्षापर्यंत सगळा. पासबुक भरून आणलं तर त्यात सात महिने दर महिन्याला १९९ रुपये गेलेले दिसले आणि वहीत त्याची कुठेच नोंद नाही. मग आठवलं, एक भजनांचं अ‍ॅप त्यांनी "७ दिवस मोफत" बघून घेतलं होतं. "अगं पण मी ते आठवड्यात काढून टाकलं फोनमधून, मग पैसे कसे जातायत?" आता यात त्यांचं काय चुकलं सांगा, अ‍ॅप काढलं म्हणजे व्यवहार संपला असंच कुणालाही वाटणार, दुकानातनं बाहेर पडल्यावर दुकानदार मागनं येऊन खिशात हात घालत नाही.

मग फोनवरनं ते बंद करायला बसलो. अ‍ॅप परत डाउनलोड करायला लावलं, लॉगिन झालं, ओटीपी झाला. "वरती कोपऱ्यात तुमचा फोटो असेल बघा." "फोटो नाहीये, एक गोल आहे." "हां तेच. आता खाली जा, अजून खाली, मदत असं काहीतरी असेल त्याच्या आत." मग एक पान आलं, त्यावर बंद केलंत तर काय काय गमवाल याची यादी. "बाबा, आता एक मोठं रंगीत बटण दिसेल, ते दाबू नका. त्याच्या खाली बारीक करड्या अक्षरात एक ओळ असेल, बटणासारखी दिसणार नाही, ती दाबा." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आहे खरं. तुला कसं कळलं गं? तू काय माझा फोन बघतीयेस का?"

मी काहीच बोलले नाही. त्या कंपनीशी माझा काडीचा संबंध नाही. पण ती जागा मला पाठ आहे कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका अ‍ॅपमधे ती ओळ तिथेच, तशाच करड्या रंगात, मी स्वतः ठेवलीय.

सगळं मिळून २२ मिनिटं लागली. सुरू करायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नसेल.

मीटिंगमधे कुणी "लोकांना फसवा" म्हणत नाही हो. एका शीटमधे आकडा असतो, महिन्याला इतके लोक सदस्यत्व बंद करतात, तो खाली आणायचा असतो. मग कुणीतरी म्हणतं "रद्द करायच्या वाटेवर थोडं फ्रिक्शन टाकूया का?" फ्रिक्शन हाच शब्द, म्हणजे वाटेत अडथळे. मी टाकलं. एक जास्तीचं पान, एक "खात्री आहे का", एक सवलतीची ऑफर, आणि शेवटी ती करडी ओळ. तीन आठवड्यांनी आकडा खाली आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. त्या आकड्यात किती जणांचे बाबा होते हे तेव्हा डोक्यातही आलं नाही, आणि तेच आता डोक्यातनं जात नाहीये.

याला आमच्या धंद्यात डार्क पॅटर्न म्हणतात. हॅरी ब्रिगनल नावाच्या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मधे हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. "फक्त २ शिल्लक" म्हणून खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं, किंमत शेवटच्या पानावर फुगवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं ("नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण), आणि बाबांना लागला तो सबस्क्रिप्शनचा सापळा. म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं" ही सोय आता कुणालाच उरलेली नाही.

आणि हे छोट्यांचंच आहे असंही नाही. अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मधे अ‍ॅमेझॉनवर त्यांच्या प्राइम सदस्यत्वावरून खटला भरला, त्यात म्हटलं होतं की बाहेर पडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागायचे आणि कंपनीत या वाटेला आतल्या आत नाव होतं "इलियड", ते लांबलचक ग्रीक महाकाव्य. मी हे वाचलं तेव्हा पोटात कसंतरी झालं. नाव ठेवणाऱ्याला वाट किती लांब आहे हे पक्कं ठाऊक होतं. २०२५ च्या सप्टेंबरात अ‍ॅमेझॉननं चूक कबूल न करता २.५ अब्ज डॉलरवर तडजोड केली, त्यातले १.५ अब्ज लोकांना परत द्यायचे.

मला विचारायचंय ते हे. यात जबाबदार कोण? मालक, गुंतवणूकदार, कायदा करणारे, हे सगळे आहेतच. पण ती ओळ करडी करणारा हात माझा होता. तुम्ही कुठल्याही धंद्यात असाल, असा प्रसंग आला तेव्हा काय केलंत?

---

कृष्णेपल्याड

ताई, लेख दोनदा वाचला. माझं मिरजेत किराणा दुकान हाय, वडिलांपासनंचं. आमच्याकडं याला साधा शब्द आहे, काटा मारणे.

माझ्या गल्ल्याशेजारी इलेक्ट्रॉनिक काटा आहे. दर वर्षाला वैधमापनवाले तो तपासत्यात, सील करत्यात, शिक्का मारत्यात आणि प्रमाणपत्र मला भिंतीवर गिऱ्हाइकाला दिसंल असं लावावं लागतं. मी पन्नास ग्रॅम साखर कमी दिली तर गुन्हा हाय. साखर कमी देऊन मी म्हणालो की "गिऱ्हाइकानं काट्याकडं नीट बघायला पाहिजे होतं" तर लोक मला दुकानातनं ओढून बाहेर काढतील आणि बरोबर करतील.

ऊस पट्ट्यात काटामारीचा विषय किती पेटतो ते तुम्हाला कराडचं म्हणून ठावंच असंल. शेतकरी ट्रॉली भरून कारखान्यात नेतो, वजन कारखान्याच्या काट्यावर, पावती कारखान्याची, दर कारखान्याचा. त्यामुळं लोक आधी बाहेरच्या खाजगी काट्यावर वजन करून बघायला लागले, त्यावरनं आंदोलनं झाली. मूळ दुखणं एकच, काटा ज्याचा त्याचाच फायदा आणि बघणारा तिसरा कुणी नाही.

तुमचा स्क्रीन म्हणजे काटाच की. दोन बाजूंचा व्यवहार त्याच्यावर ठरतो. मग त्याच्यावर शिक्का कोण मारतो? माझ्या दोन किलोच्या वजनाला इन्स्पेक्टर हाय आणि कोट्यवधी लोकांच्या फोनमधल्या काट्याला नाही, हे मला काय पटत नाही.

---

साखरझोप

+१ कृष्णेपल्याड. आणि मुळाकाठी, लिहिल्याबद्दल आभार, सोपं नव्हतं हे.

---

रोडमॅप

मी टेबलाच्या त्या बाजूचा आहे. बंगळुरात प्रॉडक्ट मॅनेजर, मूळचा नगरचा. "थोडं फ्रिक्शन टाकूया" म्हणणारा तो कुणीतरी म्हणजे मी असं धरा. दुसरी बाजू मनापासून मांडतोय.

एक गिऱ्हाईक आणायला आम्हाला जाहिरातीवर जे पैसे जातात ते भरून यायला कितीतरी महिने लागतात. पहिल्याच महिन्यात लोक गेले तर धंदा तोट्यात. दर तिमाहीला गुंतवणूकदारासमोर किती टिकले, किती गेले ते दाखवायचं असतं आणि आपला आकडा प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी ठेवतात. त्यानं बाहेरची वाट लपवलीय आणि मी उघडी ठेवलीय तर कागदावर मी नालायक दिसतो, त्याला पुढचा पैसा मिळतो, माझी टीम घरी जाते. चाळीस माणसं आहेत टीममधे, त्यांचेही हप्ते चालू आहेत.

मी एकदा प्रयत्न केला होता. एका आधीच्या ठिकाणी आम्ही रद्द करायचं बटण सरळ खात्याच्या पहिल्या पानावर आणलं. दोन महिन्यांत वरून आदेश आला, परत आत टाका. का विचारलं तर उत्तर मिळालं "बाकी सगळे करतात ते आपण का नाही". त्यानंतर मी विचारायचं सोडलं, आणि हे लिहिताना ते मला बरं वाटत नाहीये.

म्हणून माझं म्हणणं, एकट्यादुकट्याच्या सदसद्विवेकावर हे सुटणार नाही. नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू होऊ दे आणि तो मोडला तर खरोखर दुखेल असा दंड होऊ दे. चांगलं वागणाऱ्याला बाजारात शिक्षा होऊ नये एवढीच माझ्यासारख्याची मागणी आहे.

---

मुळाकाठी

@रोडमॅप, रागावले नाही, उलट तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. नियम सगळ्यांना सारखा हवा हे शंभर टक्के मान्य. पण नियम २०२३ पासून आहे ना? त्यानंतरही मी अशा मीटिंगमधे बसलीय जिथे त्या १३ प्रकारांची यादी कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. २०२५ च्या जूनमधे प्राधिकरणानं सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःचं ऑडिट करा आणि डार्क पॅटर्न नाहीत असं जाहीर करा. स्वतःचा काटा स्वतः तपासायचा, म्हणजे कृष्णेपल्याड दादा म्हणतात तो तिसरा माणूस तिथेही नाहीच.

---

सरळरेघ

थोडं वेगळं मत. सहानुभूती आहे, पण ग्राहकाची काहीच जबाबदारी नाही का? पैसे कापण्याआधी मेसेज येतोच. मोफत म्हटल्यावर पुढे काय ते वाचायला नको? आपण प्रत्येक गोष्टीत कंपनीला खलनायक केलं तर लोक कधीच सावध होणार नाहीत. माझी आई ६८ ची आहे, ती प्रत्येक मेसेज मला पाठवून विचारते आणि आजवर एक रुपया गेलेला नाही.

---

पासबुक

मी सरकारी बँकेत ३४ वर्षं होतो, नाशिकला निवृत्त झालो. सरळरेघ म्हणतात त्यातली माहिती बरोबर आहे, फक्त अर्धी आहे, म्हणून नीट लिहितो.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीचा, नियम लागू आहे. आपोआप पैसे कापायचे असतील तर निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं आणि त्या सूचनेत नको म्हणायची सोय द्यावी लागते. ठरावीक रकमेच्या वर ओटीपीही लागतो. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. आता १९९ रुपये म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खाली, एकदा सुरुवातीला हो म्हटलं की दर महिन्याला कुणी विचारत नाही, फक्त मेसेज येतो. तो मेसेज कुठल्या भाषेत येतो? माझ्या स्वतःच्या फोनवर इंग्रजीत येतो, त्यात कंपनीचं नाव ओळखीचं नसतं, कारण अ‍ॅपचं नाव एक आणि पैसे घेणाऱ्या कंपनीचं नाव भलतंच. दिवसाला वीस मेसेज कर्जाच्या नि प्लॉटच्या जाहिरातींचे, त्यात हा एकविसावा.

काउंटरवर मी हे रोज बघितलंय. पासबुक घेऊन माणूस येतो, बोट ठेवतो, "साहेब हे काय?" त्या आजोबांना मी काय सांगू, तुम्ही वाचायला पाहिजे होतं?

कामाचं सांगतो, सगळ्यांनी करून बघा. यूपीआयवरून कापले जात असतील तर अ‍ॅपवाल्याची विनवणी करत बसू नका, तुमच्या यूपीआयच्या अ‍ॅपमधे ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी दिसते आणि तिथूनच रद्द होते. कार्डावरून असेल तर बँकेच्या साइटवर मँडेट बघा. खात्यातून नाचनं (NACH, बँक खात्यातून परस्पर हप्ते कापायची सोय) जात असेल तर शाखेत अर्ज द्या. बाबांना २२ मिनिटं लागली ती दोनवर आली असती.

याच्यापेक्षा भयंकर प्रकार म्हणजे कर्ज देणारी अ‍ॅप्स. निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत एक मुलगा यायचा, कुरियरचं काम करणारा. आठ हजार घेतले, हातात पाच मिळाले, आठवड्यात आठ मागितले, आणि उशीर झाल्यावर त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर, त्याच्या मालकालासुद्धा, "हा चोर आहे" असे मेसेज गेले. कर्ज घेताना त्यानं कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी दिली होती, दिल्याशिवाय अ‍ॅप पुढेच जात नव्हतं. शाखेत माझ्यासमोर खुर्चीवर बसून तो रडला. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जाचे नियम काढले, फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल, फोटो यांना हात लावायचा नाही, पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात द्यायचे, सगळे खर्च धरून वार्षिक दर किती ते आधी सांगायचं, आणि काही दिवसांत कर्ज नको झालं तर दंड न घेता बाहेर पडू द्यायचं. उत्तम नियम आहेत. पण ते बँका, वित्त कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणारी अ‍ॅप्स यांना लागू. जो परवान्याशिवायच धंदा करतोय त्याला रिझर्व्ह बँक कुठे शोधणार, ते काम पोलिसांचं.

आणि मुळाकाठी, तुमच्या मुद्द्याला धरून, ते कॉन्टॅक्टची परवानगी मागणारं पानही कुणीतरी तुमच्यासारख्यानंच बसून काढलं असेल ना.

---

मुळाकाठी

हो काका. कुणीतरी काढलंच असेल.

@सरळरेघ, तुमच्या आईचं कौतुक आहे, पण एक आतली गोष्ट सांगते मग तुम्हीच ठरवा. आम्ही कुठलाही स्क्रीन असाच टाकत नाही. अर्ध्या लोकांना एक दाखवतो, अर्ध्यांना दुसरा, आणि मोजतो. कुठल्या रंगात किती जणांना ओळ दिसली नाही, किती जण तिसऱ्या पानावर कंटाळून मागे गेले, सगळं आमच्याकडे आकड्यात असतं. म्हणजे शंभरातले किती जण चुकणार हे आम्हाला आधी माहीत असतं, आणि जो जास्त चुकवतो तो स्क्रीन निवडला जातो. ज्यानं चूक मोजून निवडली आणि त्या चुकीवर ज्याचं उत्पन्न आहे, त्याला "तुम्ही वाचायला हवं होतं" म्हणायचा हक्क कसा उरतो?

भाषेचंही तेच. जाहिरात मराठीत असते, गोड आवाजातली, "सुरू करा" मराठीत असतं, आणि अटी नि रद्द करायची वाट इंग्रजीत. भाषांतराचे पैसे नसतात असं नाही, सुरुवातीच्या पानासाठी असतात.

---

थेम्सकाठ

इंग्लंडमधे रेडिंगला राहतो, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. मुळाकाठींचा "हात कुणाचा" हा प्रश्न वाचून इथली एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. सापळा वगैरे नाही, पण जबाबदारी कशी हवेत विरते ते यात दिसतं.

इथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवायला घेतली, फुजित्सू या जपानी कंपनीची. इथली छोटी पोस्टं म्हणजे बऱ्याचदा आपल्या किराणा दुकानासारखं दुकान आणि त्यातच पोस्टाचा काउंटर, चालवणारे कितीतरी जण भारतीय वंशाचे, नवरा-बायको मिळून. प्रणालीत दोष होते, संध्याकाळी हिशेब जुळवायला बसलं की हजारो पौंड कमी दिसायचे. करार असा की कमी पडले तर तुम्ही भरा. लोकांनी हेल्पलाइनला फोन केले तर कितीतरी जणांना सांगितलं गेलं, असा त्रास दुसऱ्या कुणालाच नाही, तुम्हालाच आहे.

लोकांनी घरं गहाण टाकली, नातेवाइकांकडून उसने घेऊन भरले आणि तरी चोर ठरले. ९०० च्या वर लोकांना शिक्षा झाल्या. सीमा मिश्रा, सरेमधल्या वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट चालवायच्या, २०१० च्या नोव्हेंबरात त्यांना १५ महिन्यांची कैद झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं की शाखेच्या हिशेबात बाहेरून कुणी हात घालू शकत नाही. प्रत्यक्षात फुजित्सूच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातून तो घालता येत होता. ब्रॅकनेल माझ्या घरापासून जवळच आहे, कामाला जाताना ती पाटी लागते आणि दर वेळी मनात येतं की त्या मजल्यावर बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना हे रोज डोळ्यांनी दिसत होतं.

२०१९ मधे उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी सांगितलं की प्रणाली भरवशाची नव्हती, २०२१ च्या एप्रिलमधे अपील कोर्टानं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, त्यात मिश्रा होत्या, आणि उरलेल्यांसाठी २०२४ मधे संसदेला कायदाच करावा लागला. २०२५ च्या जुलैत चौकशीचा पहिला भाग आला, त्यात आहे की निदान १३ जणांनी यापायी जीव दिला असण्याची शक्यता आहे. शेवटचं वाक्य टाइप करताना हात जड होतोय.

माझं काम टेस्टिंगचं, म्हणून सांगतो. दोष सापडणं ही लाज नाही, रोज सापडतात. दोष आहे हे कळल्यावर समोरच्या माणसाला "दुसऱ्या कुणालाच नाही" म्हणून सांगणं, तिथे सगळं बिघडलं. आणि ते सांगणारा माणूस हेल्पलाइनवरचा, पगारी, समोरच्या कागदावरनं वाचणारा. कागद लिहिणारा वेगळा, दोष माहीत असणारा वेगळा, खटला भरणारा वेगळा. प्रत्येकाकडे एक तुकडा आणि प्रत्येक जण रात्री शांत झोपला.

---

चाकणचा_फाटा

थेम्सकाठ, सुन्न झालो वाचून.

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात, चाकणला. आमच्याकडचं उदाहरण फोक्सवॅगनचं. २०१५ च्या सप्टेंबरात बाहेर आलं, डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आता धुराची चाचणी चालू आहे, तेवढ्यापुरता धूर कमी आणि रस्त्यावर आल्यावर परत जास्त. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. भारतात पुण्यातल्याच एआरएआयनं, म्हणजे टेकडीवरच्या वाहन संशोधन संस्थेनं, तपासणी केली आणि त्या डिसेंबरात कंपनीनं इथल्याही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं. आम्ही लहानपणापासून त्या टेकडीवर फिरायला जायचो, तेव्हा ही संस्था काय करते ते माहीत नव्हतं.

मुद्दा असा की तिथेही एका इंजिनिअरला, जेम्स लिआंग नाव, अमेरिकेत २०१७ मधे ४० महिन्यांची कैद झाली. त्याच्या वरचे कितीतरी लोक तेव्हा बाहेरच होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत "मी हुकमाचा ताबेदार" हे उत्तर चालत नाही, आणि तरी सगळा भार खालच्याच्या डोक्यावर येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुळाकाठी, ही भीती घालत नाहीये, पण तुम्ही मीटिंगमधे जे बोलाल ते मेलवर पण लिहा. माझ्या धंद्यात हाच धडा मिळालाय. एकदा एका लॉटचं मोजमाप बसत नव्हतं, तोंडी सांगितलं "जाऊ दे, पाठव", मी म्हटलं मेल करा. मेल आला नाही, लॉटही गेला नाही.

---

रोडमॅप

@चाकणचा_फाटा, हे "मेल करा" फार कामाचं आहे. खरं सांगतो, मी स्वतः अशा गोष्टी कधी लिहून मागवल्या नाहीत, कारण लिहिलं की कुणाला तरी त्याखाली नाव द्यावं लागतं.

---

जागृत_७४

मी ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे, शनिवारी तक्रार मार्गदर्शनाला बसतो. थोडं कायद्याकडून.

पहिला फोन १९१५ ला करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रार करण्यापूर्वी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट, कारण कंपनी उद्या स्क्रीन बदलते आणि तुमच्याकडे पुरावा राहत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. लोक म्हणतात १९९ रुपयांसाठी कोण जातं, आणि कंपन्यांचा सगळा हिशेब त्या वाक्यावर उभा आहे. प्रत्येकाचे थोडे, कुणीच भांडणार नाही इतके थोडे.

रोडमॅप म्हणतात तो दंडाचा मुद्दा खरा. फसव्या जाहिरातीला आपल्या कायद्यात पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केली तर ५० लाखांपर्यंत. ऑगस्ट २०२५ मधे रॅपिडो या रिक्षा-बाइक बोलवायच्या अ‍ॅपला "५ मिनिटांत ऑटो नाहीतर ५० रुपये" या जाहिरातींवरून १० लाख झाला, शिवाय ज्यांना ते मिळाले नव्हते त्यांना पूर्ण ५० रुपये द्यायचा आदेश. मला त्या १० लाखांपेक्षा हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधे २०२४ च्या कायद्यानं तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करता येतो. तिथे कंपनीच्या संचालक मंडळात हा विषय निघतो, आपल्याकडे वकिलापाशीच मिटतो.

भाषेबद्दल एक आशेची गोष्ट. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय दिला पाहिजे. मराठी त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू होणार. दंड २५० कोटींपर्यंत. पण आपण मराठीत मागितलं तरच ते खरंच होईल, कागदावर राहिलं तर कुणाला काही फरक पडणार नाही.

---

सरळरेघ

मुळाकाठी, ते मोजून निवडण्याचं मला माहीत नव्हतं. वर लिहिलेलं मागे घेतो असं नाही, सावध राहावंच, पण तुमचं उत्तर पटलं. काल आईच्या फोनमधे पासबुक काकांनी सांगितलं तसं ऑटोपे उघडून बघितलं. दोन परवानग्या चालू निघाल्या, एक ९९ ची आणि एक ४९ ची. मी वर लिहिलं होतं एक रुपया गेला नाही म्हणून.

---

मुळाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

सोमवारी रिव्ह्यूच्या मीटिंगमधे मी तो जुना स्क्रीन स्वतःहून चर्चेला काढला. तेरा प्रकारांची यादी शेजारी लावली आणि आपली कुठली पानं कुठल्या प्रकारात बसतात ते दाखवलं, आणि आधी मेल पाठवून ठेवला होता. बाबांच्या फोनचंही सांगितलं. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. मॅनेजर आधी गप्प होते, मग म्हणाले आकडा वर गेला तर काय सांगायचं वर. मी म्हटलं जे पैसे चुकून येत होते ते थांबले असं सांगा. ते काही त्यांना आवडलं नाही.

शेवटी एवढं ठरलं, ती करडी ओळ जाऊन तिथे बटण येणार, सुरू करायच्या बटणाएवढंच. मधली दोन पानं तीन आठवडे राहणार, मग परत बघू. आणि रद्द करायचा सगळा मजकूर मराठीत, हिंदीत टाकायला परवानगी मिळाली. पूर्ण जिंकले असं नाही. ती सवलतीची ऑफर अजून आहेच.

आता तुमची मदत हवीय. बटणावर काय लिहू? भाषांतरवाल्यांनी "सदस्यता निरस्त करा" पाठवलंय. हे बाबांना दाखवलं तर ते शाळेतल्यासारखं लाल पेनानं गोल करतील.

---

कृष्णेपल्याड

"सदस्यत्व बंद करा" बरं वाटतं का बघा. पण आमच्या गिऱ्हाइकाला सदस्यत्व म्हणजे पतसंस्थेचं वाटंल.

---

थेम्सकाठ

"वर्गणी बंद करा"? वर्गणी शब्द घराघरात आहे.

---

पासबुक

वर्गणी गणपतीची. लोक काउंटरवर येऊन जे म्हणतात तेच लिहा ना. कुणी सदस्यत्व म्हणत नाही, कुणी सबस्क्रिप्शन म्हणत नाही. येतात आणि म्हणतात, "साहेब, हे पैसे कापणं बंद करा." आणि दाबल्यावर पुढच्या पानावर स्पष्ट लिहा की परवानगी रद्द झाली, अमुक तारखेपासून काही कापलं जाणार नाही. तारीख नक्की टाका, माणूस ती वहीत लिहून ठेवतो.

---

मुळाकाठी

काका, "पैसे कापणं बंद करा". आत्ता बाबांना फोन करून वाचून दाखवलं, म्हणाले हे कळतंय. तारखेची ओळ पण घेते. उद्या सकाळी दहाला रिव्ह्यू आहे, हेच टाकून नेते.